जुना कॉम्प्युटर भंगारात घालायच्या आधी

"लई स्लो झालाय ओ, आता नवीनच घेतो," असं सांगत जो मालक माझ्याकडे येतो, त्याच्याच शेडमध्ये वडिलांच्या काळातली लेथ अजून दोन शिफ्ट पळत असते. बेअरिंग गेलं की बेअरिंग बदलतात, गिअर झिजला की शेजारच्या शेडमधून पाडून आणतात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ म्हातारी झाली म्हणून कुणी भंगारवाल्याला हाक मारत नाही. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र हाच माणूस सहा-सात वर्षांत हात टेकतो. त्याचं झाकण चार स्क्रूंवर उघडतं, हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं.

मी फौंड्र्या, मशीनशॉप आणि मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत्यांचे कॉम्प्युटर सांभाळते. पाच ते बारा वर्षं जुनं मशीन पुन्हा कामाला कसं लावायचं, ते इथं सांगते. यातलं बरंचसं घरी जमतं.

आधी दुखणं कुठं आहे ते बघा. मशीन सुरू करा, पाच मिनिटं हात लावू नका, मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात काही न करताही डिस्कचा आकडा १०० टक्क्यांना चिकटून बसला असेल, तर दुखणं हार्डडिस्कचं. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम, म्हणजे चालू काम हाताशी ठेवायची जागा, कमी पडतेय. दोन्ही ठीक असूनही प्रोसेसर तापून पंखा बोंबलत असेल तर धूळ, नाहीतर एकावर एक टाकलेले दोन अँटिव्हायरस. ते एकमेकांवरच पहारा देत बसतात, त्यातला एक काढा.

दहापैकी बहुतेक मशीनमध्ये डिस्कच निघते. जुन्या लॅपटॉपमधली तबकडी मिनिटाला ५४०० फेरे फिरते आणि वाचणारा काटा प्रत्येक छोट्या फाईलसाठी जागा बदलतो. सेकंदाला शंभराच्या आसपास उड्या, त्यापुढं त्याची मजल नाही. विंडोज सुरू होताना अशा हजारो फाईल मागते. एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नसल्यामुळं तीच मागणी ती सेकंदाला हजारोंनी भागवते. म्हणून दुकानदार प्रोसेसर, ग्राफिक कार्ड असं काही सांगायला लागला तर ऐकून घ्या आणि आधी एसएसडी टाका.

पण डिस्कला हात लावायच्या आधी डेटा बाहेर काढा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम डिस्कची तब्येत दाखवतो. त्यात 'रीॲलोकेटेड' किंवा 'पेंडिंग' सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे बिघडलेले किंवा संशयास्पद तुकडे, दिसून पिवळा रंग आला असेल, तर त्याच दिवशी कॉपी करा, रविवारची वाट बघू नका. डिस्क टकटक आवाज करत असेल तर मशीन बंदच करा. पुन्हा पुन्हा चालू करून बघण्यात उरलीसुरली डिस्क जाते.

कॉपी करताना लोक डेस्कटॉप आणि फोटो घेतात आणि निर्धास्त होतात. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा डेस्कटॉपवर नसतो. टॅलीत कंपनी निवडायच्या पडद्यावर त्या फोल्डरचा पत्ता दिसतो, तो कागदावर लिहून घ्या. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही घ्या. आणि जुनी मराठी पत्रं, निमंत्रणं, सोसायटीची इतिवृत्तं श्रीलिपीसारख्या फॉन्टात असतील तर ते फॉन्टसुद्धा उचला. नाहीतर नव्या डिस्कवर तुमच्या वार्षिक सभेचा वृत्तान्त निव्वळ इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन बसेल.

एसएसडी घेताना खोक्यावरच्या वेगाला भुलू नका. साटा ही जुन्या मशीनमध्ये डिस्क जोडायची पद्धत, तिची मर्यादाच सेकंदाला ६०० एमबी आहे, त्यामुळं सगळ्याच खोक्यांवर ५००-५५० लिहिलेलं असतं. जुन्या मशीनला अडीच इंची साटा एसएसडी बसते. हिशेबाच्या मशीनला २५६ जीबी पुरे, घरी फोटो-व्हिडिओ असतील तर ५०० घ्या. वॉरंटी तीन वर्षांची आहे की पाच, ते बघा. बिनानावाची स्वस्त एसएसडी मी गिऱ्हाइकाच्या मशीनला लावत नाही, त्यानं आग्रह केला तरी. लॅपटॉपमध्ये सीडी ड्राइव्ह असेल तर ती काढून तिथं कॅडी, म्हणजे डिस्क धरणारी चौकट, बसवता येते आणि जुनी चांगली हार्डडिस्क त्यात साठवणीला राहते. कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडीत मिळते, दुकानात जाताना ड्राइव्ह सोबत न्या. जुनी विंडोज उचलून नव्या डिस्कवर जशीच्या तशी ओतण्यापेक्षा कोरी टाका. दहा वर्षांचा गाळ कशाला वाहून न्यायचा? विंडोज १० किंवा ११ चं लायसन मूळचं असेल तर ते मदरबोर्डशी बांधलेलं असतं, डिस्क बदलली म्हणून जात नाही.

रॅमचं गणित सध्या विचित्र झालंय. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव एकदम चढले, कारण चिप बनवणाऱ्यांना एआयच्या सर्व्हरसाठी माल देण्यात जास्त पैसा दिसतो. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशियल' नावाचा घरगुती गिऱ्हाइकांचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. गुळाच्या पेढीवरच्या मुनीमजीला लागणाऱ्या चार जीबीचा भाव आता डेटा सेंटरच्या भुकेवर ठरतो. मुनीमजीनं एआयचं तोंडही पाहिलेलं नाही. तेव्हा बंद पडलेल्या मशीनमधली रॅम फेकू नका. मात्र रॅमच्याही पिढ्या असतात. डीडीआर३ च्या स्लॉटमध्ये पुढच्या पिढीची डीडीआर४ बसत नाही, दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून बसवायला जाल तर स्लॉट फुटेल. २०१३ नंतरच्या बऱ्याच डीडीआर३ लॅपटॉपना १.३५ व्होल्टचीच रॅम चालते. तिच्या लेबलवर डीडीआर३एल किंवा पीसी३एल असं लिहिलेलं असतं, तो 'एल' शोधा. आठ जीबी झाली की हिशेब, ब्राउझर, मेल सगळं निवांत चालतं.

धूळ, मुंग्या आणि वीज

कोल्हापुरात धुळीचा विषय वेगळा आहे. फौंड्रीच्या ऑफिसमधलं कॅबिनेट उघडा, आतली धूळ ब्रशनं कागदावर झाडा आणि कागदाखालून लोहचुंबक फिरवा. काळी पूड अंगावर काटा आल्यासारखी उभी राहते आणि चुंबकाच्या मागं मागं चालायला लागते. त्यात लोखंडाचा कीस असतो, कोळशाची काजळी असते आणि दोन्हींतून वीज वाहते. उन्हाळ्यात ती नुसती पडून असते. जून-जुलैच्या दमट हवेत तीच मदरबोर्डवर ओल धरते, आणि मग "काल चालत होता ओ" सुरू होतं.

म्हणून पावसाळ्याआधी एकदा साफसफाई. प्लग काढा, पॉवरचं बटण दाबून आतली उरलेली वीज उतरवा, मशीन गॅलरीत न्या. हाताचा ब्लोअर वापरा आणि हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. मोकळा सोडला तर तो वाट्टेल तसा गरगरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. शॉपमधला कंप्रेसर समोर दिसतो म्हणून त्याची नळी अजिबात लावू नका. तिच्यातून हवेबरोबर पाणी आणि तेलाचे थेंब येतात, आणि प्रेशर इतकं असतं की बारीक भाग उखडतात. रॅम काढून तिचे सोनेरी दात साध्या खोडरबरानं पुसा, भुगा झटका, पुन्हा टक आवाज येईपर्यंत बसवा. चालू होताना बीप-बीप करून बसणारी कितीतरी मशीन एवढ्यावर सुटतात. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडू झाली असेल तर पुसून काढा आणि मधोमध तुरीच्या डाळीएवढी नवी लावा. जास्त लावली म्हणून जास्त थंड होत नाही.

मार्केट यार्डात मुंग्या. गुळाचे हात कीबोर्डला लागतात आणि सीझनमध्ये एंटरच्या खाली वसाहतच होते. तिथं महागडा कीबोर्ड घेऊच नये.

तारीख सारखी मागं जात असेल आणि बँकेची साइट 'असुरक्षित' म्हणून अडवत असेल, तर व्हायरस नव्हे, मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपलाय. सीआर२०३२, तीन व्होल्ट, घड्याळवाल्याकडं मिळतो.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात? याला लोक "थोडा करंट मारतोय" म्हणून वर्षानुवर्षं सोडून देतात. एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यात, विजेतला गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्ही बाजूंनी बॉडीला जोडलेले. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा करंट जमिनीत जातो. पेठेतल्या जुन्या वाड्यांत बऱ्याचदा दोनच वायरी आलेल्या असतात, पाटीवर तिसरं भोक नुसतं शोभेचं. मग बॉडी मेन्सच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहते. एसएमपीएस बदलून हे जाणार नाही. वायरमन बोलवा आणि अर्थिंग करून घ्या, कॉम्प्युटरवर एक रुपया घालायच्या आधी.

आणि पूर. शाहूपुरी, दुधाळी, नागाळा पार्क या भागांतल्या लोकांनी २०१९ आणि २०२१ दोन्ही बघितलेत. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ म्हणजे धोका. ३९ कानावर आलं की कॅबिनेट आणि यूपीएस माळ्यावर, आणि बॅकअपची डिस्क तुमच्यासोबत. तरीही मशीन बुडलंच तर चालू करून बघायचा मोह आवरा. बॅटरी आणि तो नाण्याचा सेल लगेच काढा. गाळ बोर्डावर वाळू देऊ नका, स्वच्छ पाण्यानं धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा आणि चांगले चार दिवस वाळवा. एसएमपीएस नवा घ्या. हार्डडिस्क मात्र धुवायची नाही, उघडायची नाही, ओली असेल तशीच डेटा काढून देणाऱ्याकडं न्यायची.

आत काय टाकायचं

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टनं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सुरक्षा मुदतवाढ जाहीर केली. विंडोज ११ ला टीपीएम २.० हा मशीनमधला सुरक्षेचा भाग लागतो आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. म्हणजे २०१६ चा धडधाकट आय५ कागदावर बाद. चोरवाटेनं ११ टाकता येतं, युट्यूबवर शेकड्यानं सापडतील. ज्यावर जीएसटी आणि बँक चालते त्या मशीनवर मी तसं करत नाही. पुढच्या मोठ्या अपडेटला ते अडकलं तर मार्चएंडला शिव्या मला बसणार.

माझा नियम सोपा आहे. टॅली आणि डिजिटल सहीचं टोकन ज्या मशीनवर आहे, तिथं आधार चालू असलेलीच विंडोज, आणि त्यासाठी मशीन बदलावं लागलं तर बदला. बाकी सगळ्यांवर विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स मिंट, त्याची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. चार जीबी रॅमवर चालतं, फुकट आहे, आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पेनड्राइव्हवरून न टाकताच चालवून बघता येतं, वायफाय आणि प्रिंटर लागतोय का ते तिथंच कळतं. मराठी टायपिंगचा प्रश्न उरलेला नाही. मिंटमध्ये इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड आहेच, आणि विंडोजमध्येही २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच येतो.

एका गोष्टीवर मी भांडते. "सगळी सॉफ्टवेअरं टाकून देतो, फुकट" म्हणणारा पोरगा क्रॅक, म्हणजे चोरीचं सॉफ्टवेअर चालवणारा जुगाड, चालावा म्हणून पहिल्यांदा अँटिव्हायरस बंद करतो. तुमच्या पेढीची खाती त्या क्रॅक लिहिणाऱ्याच्या भरवशावर सोडायची का, ते तुम्ही ठरवा.

जागं झालेलं जादाचं मशीन घरात पडून राहू देऊ नका. पोलीस भरती आणि एमपीएससीचे फॉर्म निघाले की पोरं मोबाईलवर फोटो लहान करत बसतात, नाहीतर कॅफेत रांग लावतात. मोबाईलवर बघता येतं, पण चार पानांचा अर्ज, एक्सेलचा तक्ता किंवा साधा बायोडाटा करायला टेबल, कीबोर्ड आणि मोठा पडदा लागतो. गल्लीच्या तालीम मंडळात खोली असते, लाईट असते. डॉल्बीला वर्गणी निघते तशी एका एसएसडीलाही निघेल. मिंट टाका, पोरांसाठी साधं खातं करा, ॲडमिनचा पासवर्ड मंडळातल्या एखाद्या वहिनींकडं द्या. अध्यक्षांकडं देऊ नका, ते सगळ्यांना सांगून मोकळे होतात.

जे खरंच मेलंय, त्याची रॅम, एसएमपीएस, केबली, पंखा काढून खोक्यात ठेवा. लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल तर टोचू नका, दाबू नका, वेगळी ठेवा. उरलेलं अधिकृत ई-कचरावाल्याकडं द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांत ही जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवरही आहे, तेव्हा ज्या कंपनीचं मशीन त्यांना विचारायला लाजू नका. आणि खाती असलेली हार्डडिस्क द्यायच्या आधी तिच्यावर ड्रिल मारा, मधोमध नको, तबकडीवर. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये बऱ्याचदा काचेची तबकडी असते, ती फुटून उडते. गॉगल घालूनच मारा.