डुगडुगणारा लाकडी चॉपिंग बोर्ड सरळ करा

भाजी चिरताना बोर्ड डुगडुगतोय? तो मधून वाकलाय. टाकून देण्याआधी हे करून बघा.

१. ओलं फडकं घट्ट पिळून ओट्यावर पसरा.
२. बोर्डाची खोलगट बाजू त्यावर पालथी ठेवा. (जास्त सुकून आकसलेली बाजू हीच, ओल मिळाली की फुगते. मी आधी उलटं केलं होतं, बाक आणखी वाढला!)
३. रात्रभर राहू द्या. सकाळी सपाट दिसला की उभा करून वाळवा, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी हवा लागेल. थोडा बाक उरलाच तर पुन्हा एक रात्र.

वाळल्यावर खाण्यायोग्य मिनरल ऑइल चोळा. स्वयंपाकाचं तेल नको, ते खवट होतं. आरपार भेग गेलेल्या बोर्डावर मात्र ही मेहनत घेऊ नका.