१८७७चं अंदाजपत्रक मांडायला बसण्याआधी

दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून मी दर वर्षी एक अंदाजपत्रक मांडून घेतो. मुंबई इलाख्याचं, १८७७-७८ सालचं, दख्खनच्या मोठ्या दुष्काळातलं. दोन-तीन शिक्षकमित्रांनी विचारलं की आम्हालाही वर्गात हे करायचंय, तयारी काय लागते? ती इथे लिहून ठेवतो.

सगळ्यात आधी तारीख पक्की करा. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, म्हणजे मुलं बसलीत ती मार्च १८७७ मध्ये. १८७६चा पाऊस गेलेला आहे, खरीप आणि रब्बी दोन्ही हातची गेलीत, आणि पुढच्या जूनमध्ये काय होणार हे कोणालाच ठाऊक नाही. ही अनिश्चितता जपा. मुलांना पुढचं सांगून टाकलंत तर सगळा खेळच संपतो. कागदावर तीन रकाने आखून घ्या: १८७५-७६चा प्रत्यक्ष जमाखर्च, १८७६-७७चा सुधारित अंदाज आणि येणाऱ्या वर्षाचा अंदाज. मधल्या रकान्यात दुष्काळ आधीच शिरलेला असतो. पहिल्या रकान्यावरून सरळ तिसरा काढणारा गट दर वर्षी निघतोच, त्याला लगेच थांबवा.

मग नकाशा. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर, कलादगी (आजचे विजापूर आणि बागलकोट जिल्हे), बेळगाव, धारवाड हे जिल्हे रंगवून घ्या. कोकण आणि गुजरात वेगळ्या रंगात, कारण इलाखा एक असला तरी दुष्काळाची झळ सगळीकडे सारखी नव्हती. हिशेबासाठी आणे-पैचं कोष्टक फळ्यावर हवंच: सोळा आण्यांचा रुपया, बारा पैचा आणा. शेजारी पौंडाचाही तक्ता लावा. सरकारी हिशेबात दहा रुपयांना एक पौंड धरत, पण चांदी घसरत चालली होती. लंडनला पाठवायची रक्कम (कर्जावरचं व्याज, पेन्शनी, तिथल्या कचेरीचा खर्च) पौंडात ठरलेली, म्हणून तेवढेच पौंड द्यायला दर वर्षी जास्त रुपये लागत. दुष्काळ पडला तरी या खर्चातला एक पौंडही कमी होत नाही, हे मुलांच्या आधीच ध्यानात आणून द्या.

आता सारा, म्हणजे जमिनीवरचा सरकारी महसूल. इथे घाई करू नका, माझ्या मते निम्मा वेळ इथेच जायला हवा. रयतवारीत सारा शेतकऱ्याच्या नावावर, रोख रकमेत, ठरलेल्या हप्त्यांनी. पीक आलं नाही तरी मागणी उभीच. तेव्हा 'तहकुबी' आणि 'सूट' हे दोन शब्द मुलांनी वेगवेगळ्या पानांवर लिहावेत. सूट म्हणजे पैसा सोडला. तहकुबी म्हणजे पैसा पुढे ढकलला, आणि तो पुढच्या वर्षी थकबाकी म्हणून त्याच माणसाच्या दारात उभा राहतो. त्या वर्षीचा सारा अधिक गेल्या वर्षीची बाकी, आणि मधल्या काळात बैल विकले गेलेले. अंदाजपत्रकात मात्र तहकुबीची रक्कम पुढच्या वर्षाच्या जमेत मोठी होऊन दिसते आणि आकडा छान वाटतो. दर वर्षी एखादा तरी गट असा शिलकीचा ताळेबंद मांडतो. मी एवढंच विचारतो की हा पैसा कोणत्या विक्रीतून येणार? १८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांची कर्जखतं जाळली गेली, त्याला दोन वर्षंही झालेली नाहीत, हेही आठवण करून द्या. आणखी एक: सारा मुंबईचे मामलेदार वसूल करतात, पण सारा हे खातं तेव्हा भारत सरकारचं. सूट देण्याची कळकळ एका कचेरीत आणि तिजोरी दुसरीकडे, ही ओढाताण गटांत विभागून टाकली की आपोआप दिसू लागते. तगाईला, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या सरकारी कर्जाला, स्वतंत्र ओळ ठेवा. बी आणि बैल यांच्याशिवाय पुढच्या वर्षीचा साराही नाही.

खर्चाच्या बाजूला दुष्काळी कामं, म्हणजे उपाशी लोकांना मजुरी मिळावी म्हणून सरकारने काढलेली कामं. वर्गात तराजू आणि ज्वारी घेऊन जा, हे विसरू नका. जानेवारी १८७७मध्ये, भारत सरकारने दुष्काळाच्या पाहणीला पाठवलेले सर रिचर्ड टेम्पल यांच्या शिफारशीने पुरुष मजुराची रोजी एक पौंड धान्याची किंमत अधिक एक आणा अशी खाली आणली गेली, बायकांना आणि पोरांना त्याहून कमी. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. ती ज्वारी मापून एका ताटात ओता आणि ताट टेबलावर ठेवा. फार तर चार बऱ्यापैकी भाकरी होतील, दिवसभर खडी फोडणाऱ्याच्या. उरलेल्या आण्यात मीठ, डाळ, तेल, सरपण. गेल्या वर्षी एक मुलगी, जिच्या घरी अजून चुलीवर भाकरी होते, ते ताट बघून म्हणाली, "सर, हे माझ्या आजोबांचं एका वेळचं." त्यानंतर त्या गटाने मजुरीचा आकडा खोडला.

गणितही करून घ्या. लाखभर पुरुष मजूर धरले तर नुसत्या आण्याचे रोज ६,२५० रुपये आणि ज्वारी रोज सुमारे १,२१५ मण (तेव्हाचा मण साधारण ३७ किलोचा). भाव वाढला की हीच ओळ फुगते, म्हणून मजुरी भावाशी बांधलेली हवी. मजुरी कमी करण्याने काय झालं तेही हाताशी ठेवा: हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणाऱ्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मागवून सरकारकडे अर्ज पाठवले. गणेश वासुदेव जोशी त्यात पुढे होते. सभेसाठी वर्गात एक खुर्ची ठेवा, पण तिला मत देऊ नका. तेव्हाच्या विधिमंडळाला अंदाजपत्रकावर चर्चा करण्याची मुभाही १८९२पर्यंत मिळाली नाही.

कामांची यादी थोडक्यात पुरे: दौंड–मनमाड रेल्वेचं मातीकाम, म्हसवडचा आणि आष्टीचा तलाव, रस्त्यांची खडी. प्रत्येकापुढे गावापासूनचं अंतर लिहा. मोठं काम दूर असतं, आणि म्हातारा माणूस तिथवर चालत पोचत नाही.

पैसा आणायचा कुठून, यासाठी दोन चिठ्ठ्या तयार ठेवा. एकीवर मिठावरचा कर: तो मुंबई इलाख्यात मणामागे एक रुपया तेरा आण्यांवरून अडीच रुपये केला गेला. दुसरीवर व्यापार-धंद्यांवरचा परवाना कर, १८७८चा, ज्यातून सरकारी नोकर आणि वकील-डॉक्टर सुटले होते. त्यावरून सुरतेत दंगल झाली. या करांच्या आधारावर दर वर्षी दीड कोट रुपये दुष्काळासाठी बाजूला ठेवायचं भारत सरकारचे अर्थसदस्य सर जॉन स्ट्रेची यांनी जाहीर केलं, आणि पुढे अफगाण युद्धाच्या खर्चात तो शब्द पाळला गेला नाही. मी या चिठ्ठ्या शेवटच्या तासाला देतो. मिठाची चिठ्ठी वाचून मुलं पुन्हा त्या ताटाकडे बघतात.

एक पाकीट मात्र बंद ठेवा. आत एवढंच: १८७७चा पाऊसही सुरुवातीला दगा देतो, दख्खनला धीर येतो तो सप्टेंबरात. पाकीट फोडल्यावर सुधारित अंदाज मांडायला मुलांना निदान अर्धा तास हवा, आणि ज्वारीचं ताट तोवर टेबलावरून उचलू नका.