सांगलीत बसून गुगलवर वर यायचंय? ते पण फुकटात
पहिलं गुगलच्या सर्च कन्सोलला (साइटवाल्यांसाठीचं टूल) साइट जोडा आणि साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी) टाका, फुकट असतंय, आणि लोक काय टाइप केल्यावर तुमची साइट दिसती ते तिथंच कळतं. मग पानाचं टायटल (सर्चमध्ये दिसणारं नाव) बघा. नुसतं 'होम' लिहून काय उपयोग ओ, 'लग्नाचे फोटोग्राफर, सांगली-मिरज' असं लिहा आणि प्रत्येक कामाला वेगळं पान करा, मी सगळं एकाच पानात कोंबलेलं, वर्षभर कुत्रं फिरकलं नाही. फोटो ५-५ एमबीचे नकोत, स्क्वूश (Squoosh) नावाच्या साइटवर वेबपी (फोटोचा हलका फॉरमॅट) करून घ्या. गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष भेटत असाल तर गुगलवर बिझनेस प्रोफाइल (सर्च आणि मॅपवर दिसणारी धंद्याची माहिती) काढा (घरचा पत्ता लपवता येतो), खरे रिव्ह्यू मागा. मेटा कीवर्ड (पानाच्या कोडमध्ये टाकायचे शब्द) सोडा, ते बघत नाही असं गुगलनं २००९ लाच सांगितलंय.