पहिल्यांदा वारीला निघताय? आधी दिंडी शोधा, बूट नंतर

वारीला जायचं ठरलं की माणूस आधी दुकानात शिरतो. मीही शिरलो होतो. भारीतले ट्रेकिंगचे बूट घेतले, पाठीवरची मोठी सॅक घेतली. दिवे घाटाच्या अलीकडे, वडकी नाल्यापाशी बूट काढून बसलो तेव्हा दोन्ही टाचांना रुपयाएवढे फोड आले होते. शेजारी सत्तरीच्या एक मावशी बसल्या होत्या, पायांत झिजलेली स्लिपर, मांडीवर तुळशीवृंदावन. माझ्या बुटांकडे बघून म्हणाल्या, "माउली, नवे दिसत्यात." पुढे काही बोलायची गरजच नव्हती.

आळंदी ते पंढरपूर हे अंतर साधारण अडीचशे किलोमीटर, आणि माउलींची पालखी ते अठरा-वीस दिवसांत कापते. भागाकार केला तर रोजचे बारा-पंधरा किलोमीटर. बऱ्यापैकी चालणाऱ्याला एवढं जमतं. अवघड जातं ते बाकीचं: रात्री अडीच-तीनला उठणं, टँकरच्या नळाखाली अंधारात आंघोळ, एका राहुटीत वीस-पंचवीस जणांची झोप, आणि आपल्या वेगाने चालता न येणं. या सगळ्याची सोय दिंडी, म्हणजे एकत्र चालणारा वारकऱ्यांचा गट, करते, म्हणून तयारीची सुरुवात तिथूनच करायची.

दिंडी कशी शोधायची

पालखीच्या रथापुढे आणि रथामागे क्रमांक दिलेल्या दिंड्या चालतात. रथापुढच्या 27, मागच्या कितीतरी जास्त. प्रत्येक दिंडीचा विणेकरी, टाळकरी, मृदंग, पताका, पाण्याचा टँकर, सामानाचा ट्रक आणि स्वयंपाकाची माणसं असतात. जेवण आणि मुक्कामासाठी दिंडीत भिशी, म्हणजे वर्गणी, भरावी लागते. ती दिंडीगणिक वेगळी, आणि पूर्ण वारीची वेगळी, चार दिवसांची वेगळी.

आपल्या गावातून किंवा सोसायटीतून कोणी जात असेल तर त्यांचीच दिंडी धरा. ओळख नसेल तर वैशाखातच चौकशी सुरू करा. आषाढ तोंडावर आल्यावर फोन केलात तर ट्रकमध्ये जागा नसल्याचं ऐकावं लागेल. विचारायच्या गोष्टी अशा: झोपायला तंबू की गावातलं घर किंवा शाळा? बायकांसाठी आंघोळीचा आडोसा वेगळा आहे का? मधूनच सामील होता येतं का? आणि दिंडीचे नियम कडक आहेत का? काही दिंड्यांत रोजचा काकडा, हरिपाठ, कीर्तन कुणाला चुकत नाही. काहींत नवख्याला सूट मिळते. दोन्ही ठीक, पण निघण्याआधी माहीत असलेलं बरं.

भिशी न भरता "मोकळी वारी" करणारेही असतात. वाटेत खायला मिळतं, झोपायला एखादी ओसरी मिळते. पण पहिल्या वर्षी हा प्रयोग करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. भर पावसात कोरडी जागा शोधत हिंडण्यात भक्तीपेक्षा चिडचिडच जास्त होते.

किती चालायचं आणि कधी

सगळे दिवस रजा मिळणारी माणसं थोडी. एकाच दिवसाची चव घ्यायची तर लोक पुणे-सासवड चालतात. घाट आहे, गर्दी आहे, फोटो चांगले येतात. मला विचाराल तर चार-पाच दिवस असतील तर ते फलटणच्या पुढचे घ्या. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. पुण्याकडची हौशी गर्दी मागे पडलेली असते, दिंडीतले लोक एकमेकांना ओळखू लागलेले असतात आणि गोल रिंगणं (मैदानात वारकऱ्यांचं गोल कडं आणि आत घोड्याची दौड) याच पट्ट्यात होतात. घोडा धावतो ते बघायला पुढची जागा हवी असेल तर दिंडीबरोबरच मैदानात जावं, नंतर घुसता येत नाही.

तारीख तिथीप्रमाणे बदलते. आळंदीहून प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला, देहूहून तुकोबांची पालखी आदल्या दिवशी. 2023 साली आळंदीचं प्रस्थान 11 जूनला होतं, अधिक महिना येऊन गेल्यामुळे 2024 साली ते 29 जूनला गेलं. हा फरक रजेपुरता नाही. 2023 ला पावसाने ओढ दिली होती आणि वारकऱ्यांनी उन्हाच्या काहिलीत वाट तुडवली. लवकरच्या वर्षी टोपी आणि पाणी जपा, उशिराच्या वर्षी प्लास्टिकचा कागद.

पाय

दोन महिने आधी चालायला लागा, डांबरी रस्त्यावर. बागेतल्या मऊ मातीवर चालून उपयोग नाही. रोज पाच-सहा किलोमीटर, रविवारी बारा-पंधरा. शेवटच्या पंधरवड्यात एकदा तरी शनिवार-रविवार लागोपाठ वीस-वीस चाला. पहिल्या दिवशी कोणीही चालतो, दुसऱ्या दिवशी पाय बोलतात.

पायांत वापरून मऊ झालेली, मागे पट्टा असलेली सँडल घाला. बूट एकदा भिजले की तीन दिवस वाळत नाहीत. निघताना बोटांच्या मध्ये आणि टाचेला व्हॅसलिन किंवा खोबरेल. तेच मांड्यांच्या आतल्या बाजूलाही, कारण घासून सोललेली मांडी फोडापेक्षा जास्त रडवते आणि कुणाला सांगायचीही लाज वाटते. फोड आलाच तर कातडी सोलून काढू नका. स्वच्छ पट्टी बांधा आणि त्या दिवशी जमेल तेवढंच चाला. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी चालण्याचा हट्ट धरू नये आणि रोज रात्री बॅटरीच्या उजेडात तळवे बघावेत.

सामान

पाठीवर काही घेऊ नका. सामान ट्रकमध्ये जातं. एक वळकटी: सतरंजी, पातळ चादर, खाली घालायला ताडपत्रीचा तुकडा. एक पिशवी: लवकर वाळणारे तीन जोड कपडे, ताट-वाटी-तांब्या, बॅटरी, दोरी, औषधं. वळकटी आणि पिशवी, दोन्हींवर नाव आणि दिंडीचा क्रमांक पक्क्या शाईने लिहा, कारण अंधारात सगळ्या वळकट्या सारख्याच दिसतात. पहाटे ट्रक भरायच्या आत सामान बांधून दिलं नाही तर ते दिवसभर तुमच्याच डोक्यावर.

खांद्याला फक्त एक झोळी: पाण्याची बाटली, प्लास्टिकचा कागद, ओआरएसची पाकिटं, थोडे सुटे पैसे. छत्री नको. गर्दीत ती दुसऱ्याच्या डोळ्यात जाते.

दिवस कसा जातो

पहाटे उठून आंघोळ, चहा, आणि पालखी हलली की तुमची दिंडी आपल्या क्रमांकावर लागते. मग भजन म्हणत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. हे थांबणंच नवख्याला खातं. रथ अडला की मागचे सगळे अडतात, आणि उन्हात अर्धा तास उभं राहणं तीन किलोमीटर चालण्यापेक्षा जास्त दमवतं. पुढे सटकायचा मोह होतो. सटकलात की दिंडी सुटली, जेवण सुटलं. विसाव्याला मात्र अनुभवी माणसं काय करतात ते बघा: शेताच्या बांधावर पाठ टेकतात आणि दुसऱ्या मिनिटाला घोरतात. ही कला लवकर शिका, रात्रीची झोप अपुरीच असते.

पुणे ते सासवड हा सगळ्यात लांब टप्पा, तीस किलोमीटरच्या आसपास, आणि त्या दिवशी बहुधा एकादशी असते. म्हणजे दिवसभर पोटात साबुदाणा आणि शेंगदाणे. रथाला जादा बैलजोड्या लावून घाट चढवतात. तुम्ही मात्र घाटात जोर काढू नका. हडपसरपर्यंत जपून चाललेला माणूस घाट हसत चढतो. सासवडला पालखीचे दोन मुक्काम असतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी पाय वर करून पडता येतं.

पोट

वाटेत केळी, बिस्किटं, चहा, पोहे, लाडू सतत हातात येतात. देणाऱ्याला नाही म्हणणं जिवावर येतं. पण वारीत माणसं पायांपेक्षा पोटाने जास्त बिघडतात. दिंडीचं जेवण घ्या, बाहेरचं थोडं, उघड्यावर कापलेलं फळ अजिबात नको. नको असेल तर हात जोडून "माउली, आत्ताच झालं" म्हणा, कुणी रागावत नाही. आणि शौचाला मुक्कामाच्या फिरत्या शौचालयांतच जा, रांग असली तरी. गाव आपल्याला आपलं अंगण देतं, त्याची घाण करू नये.

चुकलात तर

मोबाइलला रेंज असेलच असं धरून चालू नका. रोज सकाळी तीन गोष्टी पाठ करा: दिंडीचा क्रमांक, रथापुढे की रथामागे, आणि आजच्या मुक्कामाचं गाव. एवढं सांगता आलं की कुठलाही वारकरी वाटेला लावून देतो. क्रमांक आठवेना असा माणूस मात्र चार तास फिरतो. संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर समाजआरती, म्हणजे सगळ्या दिंड्यांची एकत्र आरती, होते. सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार दंड उंच करतात आणि क्षणापूर्वी दणाणणारे टाळ गप्प होतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात. हरवल्या-सापडल्या वस्तूंची घोषणा तिथेच होते. माझ्या शेजाऱ्याचा चष्मा तरडगावात गेला आणि फलटणला मिळाला.

पंढरपुरात

वाखरीला सगळ्या पालख्या भेटतात. तिथून पंढरपूर हाकेच्या अंतरावर, पण पोहोचायला रात्र होते. एकादशीच्या दर्शनरांगेत तासन् तास उभं राहायची ताकद नसेल तर चंद्रभागेचं स्नान, नामदेव पायरी आणि कळसाचं दर्शन घ्या. कित्येक जुने वारकरी वर्षानुवर्षं कळसालाच हात जोडून परततात. आत जायचंच असेल तर पौर्णिमेचा गोपाळकाला होईपर्यंत थांबा, गर्दी ओसरते. परतीच्या एसटीलाही एकादशीच्या रात्री झुंबड असते, एक दिवस उशिरा निघालात तर खिडकी मिळते.

निघण्याआधी दिंडीप्रमुखांना भेटून पुढच्या वर्षीसाठी वहीत नाव लावायला सांगा. जुन्या माणसांच्या राहुटीतल्या जागा ठरलेल्या असतात, आणि दारापासून लांबची कोरडी जागा हवी असेल तर ती मागायची वेळ हीच.