टेस्ट कनेक्शन हिरवं, तरी इन्स्टॉलेशन अडतं: ओरॅकलची जोडणी भरताना

ॲप्लिकेशन इन्स्टॉल करताना इन्स्टॉलर ओरॅकल डेटाबेसच्या जोडणीची माहिती मागतो. त्यातले होस्ट, पोर्ट, युजर, पासवर्ड हे रकाने कुणाला समजावून सांगायला नकोत. लिसनर (बाहेरून येणाऱ्या जोडण्या स्वीकारणारा ओरॅकलचा प्रोग्राम) बहुधा १५२१ या पोर्टवर असतो, नसेल तर डीबीए (डेटाबेस सांभाळणारा माणूस) सांगतोच. नवा माणूस अडकतो तो त्याखालच्या निवडीत: एसआयडी की सर्व्हिस नेम?

एसआयडी हे चालू इन्स्टन्सचं, म्हणजे डेटाबेस चालवणाऱ्या प्रोसेस आणि मेमरी यांच्या संचाचं, नाव. सर्व्हिस नेम म्हणजे डेटाबेसने लिसनरकडे नोंदवलेलं, बाहेरून हाक मारायचं नाव. पूर्वी दोन्ही नावं बहुतेकदा सारखीच असायची, त्यामुळे काहीही निवडलं तरी चालून जायचं. २०१३ साली ओरॅकलची १२सी आवृत्ती आली आणि एका कंटेनर डेटाबेसच्या पोटात अनेक प्लगेबल डेटाबेस राहू लागले. इन्स्टन्स एक, म्हणून एसआयडी एक, आणि ती तुम्हाला थेट रूटमध्ये, म्हणजे कंटेनरच्या मुख्य भागात, नेऊन सोडते. तुम्हाला जायचंय प्लगेबलमध्ये, आणि तिथे सर्व्हिस नेमनेच जायचं. जेडीबीसीच्या (जावा ॲप्लिकेशन डेटाबेसला जोडण्याच्या पद्धतीच्या) ओळीत हा सगळा फरक एका चिन्हाचा आहे: पोर्टनंतर कोलन असेल तर पुढचं नाव एसआयडी, तिरपी रेघ असेल तर सर्व्हिस नेम.

खरा घात इथून पुढे आहे. इन्स्टॉलर स्कीमा (ॲप्लिकेशनचा डेटाबेस युजर आणि त्याची टेबलं) तयार करण्यासाठी 'सिस्टीम' युजर मागतो. हा युजर रूटमध्ये असतो, प्रत्येक प्लगेबलमध्येही असतो, आणि पासवर्ड सगळीकडे एकच. म्हणजे एसआयडी टाकून तुम्ही चुकीच्या घरात शिरलात तरी कुलूप उघडतं आणि टेस्ट कनेक्शन हिरवं होतं. पुढे युजर तयार करताना ओआरए-६५०९६ येतो: कॉमन युजरसाठी (रूटसकट सगळ्या प्लगेबलमध्ये असणाऱ्या युजरसाठी) हे नाव चालणार नाही. माणूस नावात दोष शोधत बसतो. दोष नावात नाही, तुम्ही उभे आहात त्या जागेत आहे.

या एररवर दोन झटपट उपाय लगेच सुचवले जातात: युजरच्या नावाआधी 'सी##' लावा, किंवा 'ओरॅकल स्क्रिप्ट' हे अंडरस्कोरने सुरू होणारं छुपं पॅरामीटर ट्रू करा. दोन्ही करू नका. एरर जातो, इन्स्टॉलेशन पूर्ण होतं, आणि तुमची सगळी टेबलं रूटमध्ये जाऊन बसतात. उद्या प्लगेबलचा क्लोन काढला किंवा तो दुसऱ्या सर्व्हरवर हलवला, तर त्यात तुमचा डेटा नसेल. त्यापेक्षा इन्स्टॉलर रद्द करा आणि सर्व्हिस नेम टाकून पुन्हा सुरू करा. या टप्प्यावर फार काही वाया गेलेलं नसतं, घाबरू नका.

इन्स्टॉलर उघडण्याआधी ॲप्लिकेशन सर्व्हरवरूनच एसक्यूएल-प्लसने (ओरॅकलच्या कमांड लाइन साधनाने) तोच युजर आणि तीच जोडणी वापरून आत जा. 'शो कॉन_नेम' टाइप करा. उत्तर 'सीडीबी$रूट' आलं तर तिथेच थांबा. प्लगेबलचं नाव आलं तर पुढे जा. सर्व्हिस नेम अंदाजाने भरू नका. डेटाबेस सर्व्हरवर 'एलएसएनआरसीटीएल सर्व्हिसेस' चालवून दिसेल ते जसंच्या तसं घ्या. त्यामागे डोमेनचं शेपूट असेल तर तेही.

ओआरए-१२५१४ दिसला तर खरं म्हणजे बरं वाटायला हवं: नेटवर्क ठीक, लिसनर जागा आहे, फक्त तुम्ही दिलेलं सर्व्हिस नेम त्याला माहीत नाही. १२५०५ म्हणजे हेच एसआयडीबाबत. १२५४१ म्हणजे त्या पोर्टवर लिसनरच नाही. काहीच उत्तर न येता टाइमआउट झाला तर आधी फायरवॉलवाल्यांना गाठा.

सिनियरने दिलेली जुन्या सर्व्हरची प्रॉपर्टीज फाइल (जोडणीची सेटिंग्ज असलेली) हमखास कोलनवाली, म्हणजे एसआयडीची, असते. मदत मनापासूनची असते, पण फाइल घेण्याऐवजी त्यातली प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते त्यांना विचारा.

पासवर्डचंही बघून ठेवा. डिफॉल्ट प्रोफाइलमध्ये त्याची मुदत १८० दिवस असते आणि १० चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं लॉक होतं, तेव्हा ओआरए-२८००० दिसतो. पासवर्ड बदलताना ॲप्लिकेशनचे सगळे नोड (ते चालवणारे सर्व्हर) आधी बंद करा. एक जरी चालू राहिला तरी त्याचा पूल (तयार ठेवलेल्या कनेक्शनचा साठा) जुना पासवर्ड आपटत राहतो आणि काही सेकंदांत खातं बंद. पूलचा आकारही एका नोडपुरता मोजू नका: ४ नोड, प्रत्येकी ५० कनेक्शन म्हणजे २००, आणि डेटाबेसचं 'प्रोसेसेस' पॅरामीटर त्याहून पुरेसं मोठं हवं, कारण त्यात ओरॅकलच्या स्वतःच्या प्रोसेसही धरलेल्या असतात.

शेवटी डीबीएकडून प्लगेबल उघडा असताना त्यावर 'सेव्ह स्टेट' करून घ्या. नाहीतर सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर तो आपोआप उघडत नाही, आणि तुम्ही बरोबर भरलेल्या जोडणीत चूक शोधत बसाल.