जुन्या वणाची शस्त्रक्रिया ठरवताय? या चुका टाळा

वणाच्या शस्त्रक्रियेने वण पुसला जात नाही. रुंद पसरलेला, ओढला गेलेला, उंच आलेला किंवा खोल गेलेला वण काढून त्या जागी बारीक, सपाट आणि त्वचेच्या नैसर्गिक रेषांमध्ये मिसळणारा नवा वण तयार करणं, एवढंच प्लास्टिक सर्जनच्या हातात असतं. पुष्कळदा हा नवा वण जुन्यापेक्षा लांबीला थोडा जास्त असतो, कारण रुंद वण काढून कडा नीट जुळवायच्या तर दोन्ही टोकांना चीर लांबवावी लागते. हे आधी समजून घेतलेला रुग्ण आरसा बघून समाधानी होतो. न समजलेला रुग्ण उत्तम निकाल मिळूनही हिरमुसतो.

ऑपरेशन तासा-दीड तासाचं असतं. निकाल ठरतो तो त्याआधीच्या आणि नंतरच्या महिन्यांत, आणि बहुतेक चुकाही तिथेच होतात.

चूक पहिली: वण पिकण्याआधी घाई

"मुलीचं लग्न ठरलंय, दोन महिन्यांत गालावरचा वण काढून द्या." प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीत ही मागणी नेहमी येते. वण कसा बदलत जातो हे माहीत नसल्यामुळे ती येते.

जखम भरल्यानंतर शरीर तिथे आधी घाईघाईने कोलॅजेन, म्हणजे त्वचेला ताकद देणारं प्रथिन, भरतं आणि मग महिनोन्‌महिने त्याची फेररचना करत राहतं. साधारण सहा आठवडे ते तीन महिन्यांच्या काळात वण सर्वांत लाल, टणक आणि खाजरा असतो. नेमका याच काळात माणूस घाबरून डॉक्टरकडे धावतो. पुढे लाली उतरते, वण मऊ होतो, बसतो. पूर्ण पिकायला 12 ते 18 महिने लागतात, लहान मुलांमध्ये कधी त्याहून जास्त. म्हणून सर्जन बहुधा सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात. अनेकांच्या बाबतीत या काळात वण इतका सुधारतो की शस्त्रक्रियेचा विचारच मागे पडतो.

घाईने चीर घेतली की हे सगळं चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. दोन महिन्यांवरच्या लग्नासाठी आज ऑपरेशन केलं, तर हळदीच्या दिवशी वण सर्वांत लाल असणार. शस्त्रक्रिया आणि समारंभ यांच्यात निदान सहा महिने हवेत, वर्ष असेल तर उत्तम. तेवढा वेळ नसेल तर वणाला हात लावू नका. कुणी "काही होत नाही, करून टाकू" म्हणालं, तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. आणि एक मनापासून सांगते, चेहरा जिचा आहे तिला विचारा. बघण्याच्या कार्यक्रमात कुणी काही बोललं म्हणून वीस-बावीस वर्षांच्या मुलीला ऑपरेशन टेबलावर नेणं बरोबर नाही. तिला तो वण खुपत नसेल, तर तो विषय तिथेच संपतो.

थांबण्याच्या या काळातही करण्यासारखं बरंच असतं. जखम पूर्ण बंद झाली की सिलिकॉनची पट्टी किंवा जेल दिवसाचे किमान 12 तास, निदान दोन-तीन महिने. बाहेर पडताना सनस्क्रीन, कारण आपल्या सावळ्या त्वचेवर ताजा वण उन्हाने चटकन काळा पडतो. डॉक्टरांनी सांगितल्यावर बोटाने दाबून मालिश. दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, तशाच उजेडात एक फोटो काढून ठेवा. रोज बघताना सुधारणा जाणवत नाही, फोटोत ती दिसते. व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून वणावर चोळायची सवय मात्र सोडा. फायदा सिद्ध झालेला नाही आणि अ‍ॅलर्जीने पुरळ उठलेली माणसं कमी नाहीत.

थांबण्याच्या नियमाला अपवाद आहेत. वणाने पापणी खाली ओढली जाऊन डोळा मिटत नसेल, तोंड पूर्ण उघडत नसेल, मान वर होत नसेल किंवा बोट सरळ होत नसेल, तर वर्ष मोजत बसू नका. उघडी राहिलेली बुबुळं कोरडी पडून नजर जाऊ शकते.

चूक दुसरी: केलॉइडला साधा वण समजणं

उंच वण दोन प्रकारचे असतात आणि दोघांचा इलाज वेगळा. पहिला मूळ जखमेच्या हद्दीत राहतो, काही महिने वाढतो आणि पुढे पुष्कळदा आपोआप बसतो. दुसरा, म्हणजे केलॉइड, जखमेची हद्द ओलांडून आजूबाजूच्या चांगल्या त्वचेत पसरतो, खाजतो, दुखतो आणि वर्षानुवर्षं वाढत राहतो. कान टोचल्यावर पाळीला आलेली गाठ, छातीवर एखादी पुळी येऊन गेल्यावर उरलेला गुलाबी उंचवटा, दंडावरच्या बीसीजीच्या खुणेचा फुगलेला भाग, खांदा, जबड्याची कड या त्याच्या नेहमीच्या जागा. आई-वडिलांना असेल तर मुलांनाही होण्याची शक्यता जास्त.

केलॉइड नुसता कापून काढला तर निम्म्याहून अधिक वेळा तो परत येतो, कधी आधीपेक्षा मोठा होऊन. कानाची गाठ कुठल्याशा दवाखान्यात पंधरा मिनिटांत काढून घेतलेली आणि वर्षभराने सुपारीएवढी गाठ घेऊन आलेली मुलगी प्रत्येक प्लास्टिक सर्जनने पाहिलेली असते. चामखीळ समजून चुना लावून जाळणं तर त्याहून घातक, कारण ती नवी जखमच असते.

केलॉइडवर पहिला इलाज बहुतेक वेळा सुरीचा नसतो. ट्रायअ‍ॅम्सिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं दर चार ते सहा आठवड्यांनी थेट गाठीत देतात. ती दुखतात, आणि त्या जागी त्वचा पातळ किंवा पांढरट होऊ शकते, हे आधीच विचारून घ्या. शस्त्रक्रिया करायचीच असेल, तर सोबत पुढची इंजेक्शनं, कानासाठी दाब देणारी क्लिप, किंवा निवडक प्रौढ रुग्णांत ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांतच सुरू होणारी रेडिएशन असा पूर्ण बेत आधी ठरलेला हवा. सर्जनला सरळ विचारा, "काढल्यानंतर परत येऊ नये म्हणून काय करणार?" उत्तर गोलमोल आलं तर थांबा. आणि गाठ गेली म्हणून त्याच पाळीला पुन्हा टोचून घेऊ नका.

चूक तिसरी: भाजल्यानंतर आखडलेली कातडी "सवयीची" म्हणून सोडून देणं

स्टोव्हचा भडका, उकळतं दूध, गरम पाण्याची बादली. आपल्या घरांमधल्या या अपघातांनंतर जीव वाचतो, जखमा भरतात आणि मग मान, काख, कोपर, गुडघा किंवा बोटं हळूहळू आखडत जातात. घरचे म्हणतात, हात थोडा वाकडा राहिला, पण काम होतंय. लहान मुलाच्या बाबतीत हे बोलणं फार महागात पडतं. हाड वाढतं, वण त्या वेगाने वाढत नाही, आणि काही वर्षांत सांधाच वाकडा घडतो. वाढीच्या वयात अशी कातडी पुन्हापुन्हा मोकळी करावी लागू शकते, हे पालकांना पहिल्याच दिवशी माहीत असावं.

आखडलेल्या वणाची पट्टी अरुंद असेल तर झेड-प्लास्टी करतात. वणाच्या दोन्ही बाजूंना तिरक्या चिरा देऊन त्वचेचे दोन त्रिकोण तयार करायचे आणि त्यांची अदलाबदल करायची. कोन 60 अंशांचे घेतले तर त्या रेषेची लांबी हिशेबाने सुमारे 75 टक्के वाढते आणि ताण सुटतो. वण रुंद असेल तर तो पूर्ण उघडून मांडीची कातडी लावतात. कातडी नीट धरली की नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात, आणि पुढची चूक होते. लावलेली कातडी आकसते, तो तिचा स्वभावच आहे. म्हणून मानेचा पट्टा, हाताचा स्प्लिंट (सांधा आखडू नये म्हणून बांधायचा ताठ आधार), दिवसाचे 23 तास घालायचे दाबाचे कपडे आणि रोजचा व्यायाम हे सगळं महिनोन्‌महिने चालू राहावं लागतं. महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात ते घट्ट कपडे घालून राहणं हे मोठं धैर्याचं काम आहे, आणि घरच्यांनी त्या माणसाला मनापासून साथ द्यावी असं मला वाटतं. पण स्प्लिंट खुंटीला अडकवून ठेवला, तर सहा महिन्यांत मान पुन्हा छातीकडे झुकते.

एक इशारा ठळकपणे लक्षात ठेवा. भाजल्याच्या जुन्या वणावर जखम झाली आणि ती आठवडे उलटूनही भरत नसेल, चिघळत किंवा वाढत असेल, तर मलमपट्टी करत बसू नका. अशा वणात त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. त्याला मार्जोलिन अल्सर म्हणतात. तुकडा काढून तपासणी करायला हवी.

तयारीतल्या चुका

तंबाखू सर्वांत वर. निकोटिनने त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, टाक्यांच्या कडांना रक्त कमी पोहोचतं आणि कडा काळ्या पडू शकतात. शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी आणि तेवढेच दिवस नंतर पूर्ण बंद. डॉक्टर "सिगारेट ओढता का?" विचारतात आणि मिश्री लावणारी बाई प्रामाणिकपणे "नाही" म्हणते. मिश्री, गुटखा, खैनी, सगळं तंबाखूच आहे. स्वतःहून सांगा.

मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आल्याशिवाय तारीख घेऊ नका. ही शस्त्रक्रिया क्वचितच तातडीची असते, त्यामुळे दोन महिने साखरेवर घालवले तर काहीच बिघडत नाही. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या इतर गोळ्या शेजाऱ्याच्या सल्ल्याने बंद करू नका. हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन यांना एकमेकांशी बोलू द्या. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल किंवा नुकतीच संपली असेल, तर तेही सांगा. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोरेपणाच्या क्रीम लपवू नका. त्यांपैकी अनेकांत स्टेरॉइड असतं आणि त्वचा आधीच पातळ झालेली असते.

खाण्याबद्दलचे गैरसमज घराघरांत आहेत. "भात नको, डाळ नको, आंबट नको, पू होतो." यात तथ्य नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात, लिंबू-आवळ्यातलं क जीवनसत्त्व कोलॅजेन तयार व्हायला लागतं. वरण, उसळ, अंडी, मासे, दूध, फळं व्यवस्थित खा. पूर्ण भूल असेल तर सहा तास आधीपासून अन्न बंद. दुधाचा चहा अन्नातच धरतात, हे अनेकांना माहीत नसतं आणि सकाळच्या अर्ध्या कपामुळे ऑपरेशन पुढे ढकललं जातं. आदल्या रात्री घरी रेझरने केस काढू नका. बारीक ओरखड्यांतून संसर्ग शिरतो.

डॉक्टरची पदवी बघा. प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी आहे का आणि राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी आहे का, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. लेझर सेंटर मशीन दाखवेल, पण मशीन ताण सोडवत नाही. ओढलेल्या वणाला सुरी लागते, तर रंग आणि खडबडीतपणा यांना लेझरची मदत होते.

विम्याबाबत लोक आधीच हार मानतात. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया विम्यात बसत नाही हे खरं. पण अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना या वगळणुकीला अपवाद आहे. त्यामुळे सर्जनच्या पत्रात मान किती वर होते, डोळा किती मिटतो, हे मोजमापासह लिहून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला तारीख ठरवण्याआधीच भेटा.

नंतर काही बिघडलंसं वाटलं तर

पहिल्या एक-दोन दिवसांत जागा झपाट्याने फुगून ताठ झाली आणि ठणका वाढत गेला, तर आत रक्त साचलेलं असू शकतं. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पसरत जाणारी लाली, पू आणि ताप यांनाही दुसऱ्या दिवसाची वाट बघू देऊ नका.

चेहऱ्याचे टाके पाच ते सात दिवसांत निघतात, पण तेव्हा जखमेची ताकद फार थोडी असते. ती तीन महिन्यांनी सुमारे 80 टक्क्यांपर्यंत पोहोचते आणि मूळ त्वचेइतकी कधीच होत नाही. टाके निघाले म्हणून जिममध्ये गेलं किंवा सिलिंडर उचलला, की खांद्या-पाठीवरचा वण आतून रुंदावतो. कागदी चिकटपट्टी आडवी लावून वणावरचा ताण कमी ठेवणं स्वस्त आहे आणि उपयोगी आहे. छाती, खांदा, गुडघा इथले वण एवढं करूनही थोडे पसरतात, ते आधीच गृहीत धरा.

काही आठवड्यांनी रेषेवर पुळी येऊन त्यातून दोऱ्याचं टोक दिसलं, तर तो आतला टाका बाहेर येतोय. ओढू नका, डॉक्टर दोन मिनिटांत काढतात. दुसऱ्या महिन्यातली लाली आणि टणकपणा अपेक्षितच आहे. पण वण उंच होत चालला आणि खाज वाढली, तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका, कारण अशा वेळी लवकर दिलेलं इंजेक्शन चांगलं काम करतं. आजूबाजूचा बधिरपणा बहुधा काही महिन्यांत कमी होतो. केलॉइड काढलेल्यांनी मात्र सगळं छान दिसत असलं तरी दोन वर्षं तपासणी चुकवू नये. आणि निकाल आणखी थोडा सुधारावा असं वाटलं, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेची चर्चा पुन्हा वर्षभराने करा, तोवरचे महिन्याचे फोटो सोबत घेऊन.