घरातली जुनी नाणी ऑनलाइन लिलावात विकताना

बाजार समितीच्या आवारात सोयाबीनची हर्रास सुरू होते तेव्हा व्यापारी आधी ढिगात हात घालतो, मूठभर दाणे तळहातावर पसरून ओल आणि काडीकचरा पाहतो आणि मगच बोली बोलतो. ऑनलाइन लिलावात नाणे घेणाऱ्याला ही सोय नसते. तो कोलकात्यात किंवा सुरतेत बसून मोबाइलच्या पडद्यावर आपला रुपया पाहत असतो, म्हणून त्याच्या हाताचे काम आपण काढलेली छायाचित्रे, आपण केलेले वजन आणि आपण लिहिलेले वर्णन यांनाच करावे लागते. विदर्भातील खेड्यांत अनेक घरांमध्ये आजीच्या पेटीत किंवा देव्हाऱ्यात राणीछाप रुपये, भोकाचे पैसे आणि ढब्बू पैसे अजून सापडतात. ते प्रथमच विकायला काढणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे.

पहिली गोष्ट अशी की नाणे धुऊ नये, घासू नये आणि सोनाराकडे उजळायलाही देऊ नये. आमच्या घरी दर लक्ष्मीपूजनाला पेटीतले रुपये चिंचेच्या कोळाने आणि चुलीतल्या राखेने लख्ख केले जात. त्यांतलाच पंचम जॉर्जचा एक रुपया मी पहिल्यांदा लिलावात ठेवला तेव्हा त्याची चमक पाहून वर्णनात ‘उत्तम स्थितीत’ असे लिहिले. घेणाऱ्याने तो आठ दिवसांत परत पाठवला. भिंग लावून पाहिले तेव्हा कारण कळले: राजाच्या गालावर, दाढीवर आणि मागच्या मोकळ्या जागेत एकाच दिशेने गेलेले केसासारखे बारीक ओरखडे होते आणि अक्षरांच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. राखेच्या कणांनी वर्षानुवर्षे चांदी खरवडली होती. संग्राहकाला चांदीवर आपोआप चढलेला करडा-काळसर थर हवा असतो, कारण तो थर नाणे अस्पर्श राहिल्याची खूण असतो, आणि एकदा घासून गेलेला थर कोणत्याही उपायाने परत आणता येत नाही. माती चिकटलेली असेल तर साध्या स्वच्छ पाण्यात भिजवून सुती कापडावर टेकवून वाळवावे, त्याहून अधिक काही करू नये. गळ्यातल्या माळेसाठी ज्या रुपयांना कडी डाकलेली असते, त्यांची कडी काढली तरी डाकाची खूण राहते. असे रुपये बहुधा चांदीच्या भावानेच जातात, तेव्हा माळ मोडण्याआधी घरातल्या बायांशी नीट बोलून घ्यावे.

त्यानंतर नाणे ओळखावे. ब्रिटिशकालीन चांदीच्या रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम, आणि त्यातील चांदी सुमारे 91.7 टक्के, म्हणजे शुद्ध चांदी साधारण 10.69 ग्रॅम. 1940 पासूनच्या सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली आणि 1947 चा वाघाचा रुपया तर निव्वळ निकेलचा आहे. हा शेवटचा रुपया लोहचुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही, एवढ्या एका परीक्षेने अनेक घरांतला गैरसमज दूर होतो. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर 1877 च्या आधी ‘क्वीन’ आणि त्यानंतर ‘एम्प्रेस’ असे लिहिलेले असते. 1862 हे साल असलेले रुपये प्रत्यक्षात 1874 पर्यंत त्याच सालाने पाडले जात होते, त्यामुळे नेमका प्रकार ओळखता यावा म्हणून सालाखालचे बारीक ठिपकेसुद्धा छायाचित्रात आले पाहिजेत. पंचम जॉर्जच्या 1911 च्या रुपयावर राजाच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसत असल्याची तक्रार झाली आणि पुढच्या वर्षी चित्र बदलले, म्हणून तो ‘डुकराचा रुपया’ जवळपासच्या सालांच्या रुपयांपेक्षा अधिक मागितला जातो. स्वातंत्र्यानंतरच्या नाण्यांत सालाखालची टांकसाळीची खूण पाहावी: हिरा मुंबईचा, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा, आणि कोलकात्याला खूण नसते.

वजन सोनाराच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर करून घ्यावे आणि तो आकडा वर्णनात जसाच्या तसा लिहावा. वापराने झिजलेला रुपया थोडा हलका भरतोच, मात्र वजन ठळकपणे कमी किंवा जास्त असेल, कडेवर साच्याचा जोड दिसत असेल किंवा पृष्ठभागावर बुडबुड्यांसारखे खड्डे असतील तर ते नाणे ओतीव नक्कल समजावे. सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया खरोखर दुर्मीळ आहे आणि म्हणूनच दुसऱ्या सालाचा आकडा कोरून बनवलेले 1939 चे रुपये बाजारात फिरतात. पेटीत तसा एखादा निघाला तर जाणकाराला दाखवल्याशिवाय लिलावात ठेवू नये. राम दरबार किंवा हनुमानाचे चित्र असलेली, ‘ईस्ट इंडिया कंपनी’ आणि 1818 असे काही छापलेली तांब्याची नाणी कंपनीने कधीच काढली नव्हती. ती पूजेच्या टोकनांसारखी आहेत आणि तशीच सांगून विकावीत.

किमतीच्या बाबतीत गावोगाव पसरलेल्या अफवांचा मला मनापासून राग येतो, कारण त्यांच्यापायी गरजू माणूस फसतो. वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच किंवा दहा रुपयांचे नाणे, 786 क्रमांकाची नोट, ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट यांना लाखो रुपये मिळतात अशी चित्रफीत रोज कोणीतरी पाठवते. ‘तुमचे नाणे घ्यायला तयार आहोत, आधी नोंदणी शुल्क किंवा जीएसटी भरा’ असे सांगणारा माणूस ठग असतो. जुनी नाणी-नोटा विकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहावे, असे बँकेने स्वतः 2021 मध्ये जाहीर केले आहे. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 या क्रमांकावर फोन करावा, कारण तक्रारीला जितका उशीर होतो तितके पैसे थांबवणे अवघड होते.

खरी किंमत कळण्यासाठी लिलावसंस्थांच्या मागच्या लिलावांतील विक्रीचे आकडे पाहावेत. लोकांनी जाहिरातीत मागितलेले आकडे उपयोगाचे नसतात. मुंबईची टोडीवाला ऑक्शन्स, अहमदाबादची क्लासिकल न्यूमिस्मॅटिक गॅलरी, बंगळुरूची मरुधर आर्ट्स अशा संस्था नाणी ठेवून घेऊन लिलाव करतात. नाणे देण्याआधी विक्रेत्याकडून किती कमिशन घेतले जाईल, न विकलेले नाणे परत करण्याचा खर्च कोणाचा आणि पैसे किती दिवसांत मिळतील, हे तिन्ही प्रश्न लेखी विचारावेत. चांदीच्या रुपयाची मूळ बोली त्या दिवसाच्या चांदीच्या मोलाखाली ठेवू नये, आणि अवास्तव उंचही ठेवू नये, कारण पहिली बोलीच आली नाही तर पुढची चढाओढ लागत नाही. खरिपाच्या पेरणीला बियाणे-खतासाठी पैसा हवा म्हणून नाणी काढणाऱ्यांना माझी विनंती आहे की या मार्गावर भिस्त ठेवू नका. नाणे पाठवणे, यादीत घेणे, लिलाव आणि पैसे मिळणे यांत काही महिने सहज जातात.

कायद्याकडेही पाहिले पाहिजे. शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार पुरावस्तू ठरते. ते परदेशातील गिऱ्हाइकाला पाठवता येत नाही आणि अशा वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही, म्हणून एवढी जुनी नाणी असतील तर परवानाधारक संस्थेमार्फतच जावे. शेतात नांगरताना गाडगे लागले तर गोष्ट वेगळी आहे. 1878 च्या निखात निधी (म्हणजे जमिनीत पुरलेले धन) कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे असे धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, आणि ते दडवून विकणे हा गुन्हा आहे. वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे 1939 मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, आणि तो अभ्यासकांपर्यंत पोहोचला म्हणूनच त्या राजांच्या नावांबद्दल आज आपल्याला अधिक माहिती आहे.

छायाचित्रांसाठी महागडा कॅमेरा लागत नाही. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास ओसरीत, थेट ऊन येणार नाही अशा जागी, पांढऱ्या कागदावर नाणे ठेवावे, मोबाइल दोन-तीन पुस्तकांच्या चळतीवर टेकवून स्थिर करावा आणि फ्लॅश बंद ठेवावा. नाणे कडेने धरावे, कारण बोटांचा घाम चांदीवर डाग पाडतो. दोन्ही बाजू, कड, आणि जिथे ओरखडा किंवा ठोका आहे तिथले जवळचे चित्र अशी किमान चार छायाचित्रे द्यावीत आणि कोणत्याही चित्रावर चमक वाढवणारा फिल्टर वापरू नये. वर्णनात साल, धातू, वजन, टांकसाळ आणि दोष लिहावेत. ‘कडेला सहा वाजता (म्हणजे घड्याळात सहाचा आकडा असतो त्या जागी) ठोका, पूर्वी घासलेले’ असे स्पष्ट लिहिल्यामुळे बोली थोडी कमी येते, पण नाणे परत येत नाही आणि पुढच्या वेळी तोच माणूस आपल्या नावावर विश्वास ठेवून बोली लावतो. तो घासलेला रुपया मी पुन्हा असाच लिहून ठेवला आणि तो विकला गेला.

स्वतः पाठवायचे असल्यास नाणे पीव्हीसी नसलेल्या छोट्या पाकिटात घालून जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये चिकटपट्टीने बसवावे, आणि पाकीट कानाजवळ हलवून आवाज येत नाही याची खात्री करावी. पाकीट बंद करतानाचा व्हिडिओ काढावा, तालुक्याच्या टपाल कार्यालयातून विमा उतरवून स्पीड पोस्ट करावे आणि घेणाऱ्याने मिळाल्याचे कळवेपर्यंत पावती वहीत जपून ठेवावी.